थंडीतली मरगळ, बरणीतले केफिर आणि उशाशी एक पुस्तक

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातील आहे. आमची भाची परिचारिकेचे शिक्षण घेऊन उत्तर इंग्लंडमधील एका इस्पितळात नोकरीला लागली. वस्तीतून परदेशी जाणारी ती पहिली मुलगी. तिला निरोप द्यायला अर्धी वस्ती नागपूर स्टेशनवर आली होती. पहिले चार-पाच महिने तिचे फोन उत्साहाने भरलेले असत. नोव्हेंबर लागला आणि ते आखूड होऊ लागले. डिसेंबरात एका रविवारी ती म्हणाली, “मामा, इथे दिवसच उगवत नाही. सकाळी अंधारात कामावर जाते, अंधारातच परत येते. झोप संपत नाही आणि जेवण करावेसे वाटत नाही.”

आम्ही तिला काय सांगितले असेल? कचेरीतल्या कारकुनाने सांगावे तेच सांगितले. धीर धर, शिक्षणासाठी काढलेले कर्ज आठव, तुझ्याकडे सगळी वस्ती डोळे लावून बसली आहे. इतकी वर्षे सभांतून बोलणाऱ्या आम्हांस त्या दिवशी पोरीचे ऐकून घेता आले नाही, ही कबुली आधी देऊन टाकतो. पुढे तिनेच सांगितले की, “सगळी वस्ती डोळे लावून बसली आहे” या वाक्याने तिची झोप आणखी उडाली. घरातून प्रथमच पुढे गेलेल्या मुला-मुलींना आपले दुःख सांगण्याची चोरी असते. हरलो असे म्हणतील, ही भीती असते. म्हणून हा लेख आम्ही आमच्या चुकीपासून सुरू करीत आहोत.

उजेडाचा हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे. आकडे मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. नागपुरात २१-२२ डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो. लंडनला त्याच दिवशी पावणेआठ तासांच्या आसपास उजेड असतो, मॉस्कोला सात तास. आमची भाची राहते तेथे साडेसात तासही पुरते भरत नाहीत, त्यातही आभाळ भरलेले. तिची पाळी बारा तासांची. म्हणजे दिवसाचा सगळा उजेड इस्पितळाच्या भिंतीबाहेरच संपून जाई.

अशा देशांत हिवाळ्यात दरवर्षी काही माणसांना मरगळ घेरते. झोप वाढते, गोड खावेसे वाटते, कामात मन लागत नाही, माणसांत जावेसे वाटत नाही. वसंत ऋतू आला की ही माणसे पुन्हा टवटवीत होतात. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या ऋतुजन्य नैराश्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हे डॉक्टर मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. उन्हाच्या देशातून न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपलीच कामाची शक्ती का गळते, हा प्रश्न त्यांना स्वतःच्या अनुभवातून पडला होता. म्हणजे आमच्या भाचीला जे झाले ते आळस नव्हता, नाटक नव्हते आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हता. शरीराच्या घड्याळाला सकाळचा उजेड लागतो. तो मिळाला नाही की घड्याळ मागे पडते.

बरणीतला पाहुणा

तिच्या वॉर्डात लिथुआनिया देशाची एक मध्यमवयीन बाई काम करते. तिने पोरीचा उतरलेला चेहरा ओळखला. तिने भाषण दिले नाही. दुसऱ्या दिवशी जॅमच्या रिकाम्या बाटलीत, थोड्या दुधात घालून, फुलकोबीच्या बारीक तुऱ्यांसारखे दिसणारे पांढरे दाणे आणून दिले आणि म्हणाली, “यांना रोज दूध लागते. विसरू नकोस.”

ते केफिरचे दाणे होते. केफिर म्हणजे आंबवलेले दूध, आपल्या दह्या-ताकाचे दूरचे भावंड. त्याचे मूळ गाव रशियाच्या दक्षिणेकडील कॉकेशस पर्वत. एल्ब्रुस शिखराच्या परिसरातील काराचाय आणि बाल्कार लोक ते पिढ्यान्‌पिढ्या बनवीत आले. चामड्याच्या पिशवीत दूध आणि दाणे घालून ती दारापाशी टांगायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तिला एक धक्का द्यायचा, म्हणजे दूध ढवळले जाते, अशी तिथली जुनी रीत. हे दाणे परक्याला द्यायचे नाहीत, दिले तर त्यांचा गुण जातो, असा समज तेथे होता असे सांगतात. पुढे १९०८ च्या सुमारास मॉस्कोत केफिर विक्रीसाठी तयार होऊ लागले आणि ते रशिया, पोलंड, लिथुआनियाच्या घराघरांत पोहोचले. वस्तुस्थिती त्या समजाच्या अगदी उलट आहे. दाणे वापरात असले की वाढत जातात, आणि वाढलेले वाटले नाहीत तर बरणीत मावत नाहीत. ज्ञान लपवून ठेवणाऱ्यांविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

या दाण्यांत आहे तरी काय? दही लावणारे जंतू आणि पाव फुगवणारे यीस्ट यांच्या जातीचे अनेक सूक्ष्म जीव एकमेकांच्या आधाराने राहतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थाने ते एकत्र बांधलेले असतात. दुधातील साखर खाऊन ते आम्ल तयार करतात, त्यामुळे दूध घट्ट आणि आंबट होते. यीस्टमुळे थोडा वायूही धरतो, म्हणून केफिर जिभेला किंचित चुरचुरते.

घरी करून पाहताना

पुण्यातील एका परिचिताकडून आम्ही दाणे मिळवले आणि आमच्या ताईकडे, म्हणजे भाचीच्या आईकडे, प्रयोग केला. पहिल्या खेपेला बरणी फडताळात ठेवली आणि कचेरीच्या कामात दोन दिवस विसरलो. वर चोथा, खाली हिरवट पाणी! ताईने चव घेतली आणि तोंड वाकडे करून म्हणाली, “भाऊ, हे तं आंबलेलं ताक आहे. यासाठी तू पुण्याहून दाणे आणले?” पण दाणे मेले नव्हते. गाळून ताज्या दुधात टाकले, तिसऱ्या दिवशी छान केफिर मिळाले. रीत अशी :

१) अर्धा लिटर दूध उकळून पूर्ण गार करावे. गरम दुधात दाणे मरतात.

२) स्वच्छ काचेच्या बरणीत दूध आणि साधारण एक मोठा चमचा दाणे घालावेत. वर पातळ फडके बांधावे. झाकण घट्ट लावू नये, आत वायू धरतो.

३) बरणी उन्हापासून दूर ठेवून अठरा ते चोवीस तास थांबावे. थंडी जास्त असेल तर आणखी काही तास लागतात. दूध दाटसर झाले, आंबूस वास आला की झाले.

४) गाळणीने गाळावे. गाळणी प्लॅस्टिकची किंवा स्टीलची चालते. तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, हे आपल्या आया आपल्याला सांगतच आल्या आहेत.

५) गाळलेले केफिर फ्रिजमध्ये ठेवावे आणि दाणे पुन्हा ताज्या दुधात घालावेत. गावाला जायचे असेल तर दाणे दुधात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत, आठवडाभर काढतात. नागपूरच्या मे महिन्यात तर त्यांचे घर फ्रिजच.

गृहिणींना यातील सोय लगेच कळेल. थंडीत दही लागत नाही ही आपली दरवर्षीची तक्रार. विरजणाला कोमट दूध आणि ऊब हवी, म्हणून आपण भांडे गोधडीत गुंडाळतो, पिठाच्या डब्यात ठेवतो. २०१८ साली २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा कितीतरी घरांत सकाळी दह्याऐवजी दूधच मिळाले असेल. केफिरला मात्र वीस ते पंचवीस अंशांची खोली मानवते. दूध कोमट ठेवण्याची खटपट नाही.

आता सावधगिरी. सुरुवातीला अर्धी वाटीच घ्यावी, पोट सवय करून घेते. गुलाबी, काळे किंवा केसाळ बुरशीचे डाग दिसले तर दाण्यांसकट सगळे फेकून द्यावे, लोभ धरू नये. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी घेऊ नये. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. यीस्टमुळे केफिरमध्ये अल्प प्रमाणात मद्यार्क तयार होतो. तो सहसा एक टक्क्याहून कमी असतो, पण जास्त वेळ किंवा जास्त उष्णतेत ठेवल्यास वाढतो. पाचवे शील काटेकोर पाळणारे आपले उपासक-उपासिका आणि दारू सोडलेले बांधव यांनी हे जाणून घेऊनच निर्णय करावा. त्यांच्यासाठी आपले साधे दही पुरेसे आहे, त्यात काही कमीपणा नाही. तान्ह्या बाळांना केफिर देऊ नये.

केफिरने उदासी जाते काय? आतड्यातील जंतूंचा आणि मनाचा काही संबंध आहे काय, यावर शास्त्रज्ञांचा अभ्यास चालू आहे, पण “हे प्या, आनंदी व्हा” असे म्हणण्याजोगा पुरावा अजून नाही. बाजारात महागड्या बाटल्यांवर काहीही लिहिलेले असो, आपण घामाचे पैसे मोजतो, तेव्हा फसायचे नाही. मग भाचीला त्याचा उपयोग काय झाला? तिच्याच शब्दांत सांगतो : “मामा, मी जेवले नाही तरी चालत होते, पण दाण्यांना दूध द्यावेच लागत होते. म्हणून अंथरुणातून उठत होते. उठले की मग चहा होई. चहा झाला की पाव भाजला जाई.” रोज कोणीतरी आपली वाट पाहत आहे, मग ते बाटलीतले दाणे का असेनात, एवढ्यावर माणूस उभा राहू शकतो.

ओळखीच्या पुस्तकाची ऊब

दुसरा आधार वाचनाचा. मन थकलेले असताना नवे, अवघड पुस्तक हातात धरवत नाही. पान वाचून होते आणि डोक्यात काही उरत नाही. अशा वेळी वाचलेलेच पुस्तक पुन्हा वाचावे. पुढे काय होणार हे ठाऊक असते, त्यामुळे मनावर ताण येत नाही. त्यातली माणसे ओळखीची असतात, भेटायला आल्यासारखी वाटतात. लहानपणी आजीला तीच गोष्ट पुन्हा सांगायला आपण लावत होतो, ती काही गोष्ट ठाऊक नव्हती म्हणून नव्हे.

आइसलँड नावाच्या बेटावर हिवाळ्याची रात्र फार मोठी असते. तेथील शेतकरी घरांत जुन्या काळी संध्याकाळी सगळे एका खोलीत बसत. कोणी लोकर पिंजे, कोणी सूत काती, कोणी विणी आणि एक जण दिव्याजवळ बसून मोठ्याने गोष्ट वाची. हात कामात आणि कान गोष्टीत. ती घरे गरीबच होती, पण पुस्तकाचा मान मोठा. आजही तेथे नाताळात एकमेकांना पुस्तके भेट देण्याची चाल आहे.

हे ऐकून आम्हांस आपला वर्षावास आठवला. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. लिहिता-वाचता न येणारी म्हातारी माणसेही मांडी घालून ऐकतात. समाप्ती होते, भोजनदान होते आणि नंतर? नंतर ते कान रिकामेच राहतात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलांवरून आपण पिशव्या भरून पुस्तके आणतो, त्यातली किती उघडली जातात, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरी करावा. आमच्या घरचा हिशेब फारसा चांगला नव्हता.

ताई अंगणवाडीत मदतनीस होती. आता निवृत्त झाली. मेहुणे गेले, मुलगी परदेशी. थंडीत गुडघे धरतात, म्हणून संध्याकाळी सहाला दार लावून बसायची. दूरदर्शन संचासमोरच डोळा लागे आणि मग रात्री झोप नाही. म्हणजे सातासमुद्रापलीकडे मुलीची जी गत, तीच नागपुरात आईची, फक्त तिला कोणी नाव दिले नव्हते. आम्ही तिच्याकडे बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ नेऊन ठेवले. कोणी म्हणेल, ही तर दुःखाची पुस्तके, यांनी मनाला विसावा कसा मिळेल? आम्हांसही तसेच वाटले होते. पण ताई म्हणाली, “यातल्या बाया माह्यासारख्याच आहेत आन् त्या निभावून गेल्या.” बेबीताई फलटणला किराणा दुकान चालवीत आणि माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचीत असत. लिहिलेले घरच्यांपासून लपवून ठेवीत. ऊर्मिलाताईंच्या आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणून घर चालवीत. अशी माणसे उशाशी असली की रात्र एकटीची राहत नाही. विसावा सर्वांना गोड गोष्टीतच मिळतो असे नाही. कोणाला विनोदी कथा लागतील, कोणाला मुलांच्या गोष्टी. ज्याचे त्याने निवडावे. विकत घेणे जमत नसेल तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी फार नसते.

रोजकीर्द

हिशेबात रोजकीर्द असते. रोजचा व्यवहार रोज लिहायचा, मोठा असो की लहान. मनाचेही तसेच असावे. उत्साह आला की काम करू, असे म्हणत बसलो तर उत्साह येतच नाही. आधी लहानसे काम करायचे, उत्साह मागून येतो. भाची आणि ताई या दोघींनी मिळून ठरवलेली रोजकीर्द येथे देतो :

– उठण्याची वेळ एकच, सुटीच्या दिवशीही.

– उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटे घराबाहेर उजेडात. आभाळ असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. ज्यांच्या खोलीत ऊन येत नाही त्यांनी गच्चीवर, मैदानात, विहाराच्या अंगणात जावे. रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपून उठल्यावर दुपारचे ऊन घ्यावे.

– एक जिवंत काम : दाण्यांना दूध, दह्याला विरजण, कुंडीला पाणी.

– एक हाताचे काम : निवडणे, शिवणे, विणणे, सायकल पुसणे.

– संध्याकाळी पंधरा मिनिटे वाचन, शक्य तर मोठ्याने. त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत.

– दिवसातून एका माणसाशी बोलणे. “जेवलीस का” एवढेच विचारले तरी चालेल, पण उत्तर ऐकून घ्यावे.

यातले एखादे चुकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे. कोरे पान म्हणून कोणी वही फाडत नाही.

वही पुरत नाही तेव्हा

हे सगळे साध्या मरगळीवरचे उपाय आहेत. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली, कामावर जाणे अशक्य झाले किंवा जगून काय करायचे असे मनात येऊ लागले, तर ते आजारपण आहे आणि त्याला डॉक्टरच पाहिजे. आमची भाचीही जानेवारीत डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला समुपदेशन दिले आणि सकाळी विशिष्ट तेजस्वी दिव्यासमोर अर्धा तास बसायला सांगितले. हा दिवा सुमारे दहा हजार लक्स उजेडाचा असतो. तोही डोळ्यांचा विकार किंवा मनाचा टोकाचा चढ-उतार असलेल्यांनी सल्ल्याशिवाय वापरू नये. आपल्याकडे अजूनही अशा माणसाला बाहेरचे झाले म्हणून अंगारे-धुपारे केले जातात, नाहीतर “नाटके करतो” म्हणून टोमणे मारले जातात. दोन्ही सारखेच घातक. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते, मराठीतही. हा क्रमांक विहाराच्या फलकावर, महिला मंडळाच्या वहीत, पोराच्या दप्तरात लिहून ठेवावा.

आता भाचीचा तिथला तिसरा हिवाळा चालू आहे. अंधार तेवढाच आहे, पण ती नोकरी सोडून आली नाही आणि आल्यास तोंड लपवावे लागेल असेही तिला वाटत नाही, कारण तसे आम्ही तिला स्पष्ट सांगितले. दर रविवारी फोन येतो. ताई चष्मा लावून दोन पाने वाचते, अडखळते, पुन्हा वाचते. पलीकडे पोरगी बरणीतले दूध गाळीत ऐकते. मध्येच विचारते, “आई, दाणे वाढले का?” ताई म्हणते, “वाढले. शेजारच्या दोन घरी दिले. आता तू सांग, जेवलीस का?”